तान्हे मूल आणि बापाचा वेळ



वसंत व्याख्यानमालेची परंपरा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात घातली, हे आपण जाणताच. धारुरात मात्र या वसंताला आणखी एक अर्थ आहे. चैत्राच्या आगेमागे साखर कारखान्यांचा पट्टा पडतो, टोळ्या परततात, आणि बालाघाटाच्या कुशीतल्या ज्या वाड्या-तांड्यांतून दिवाळीपासून म्हाताऱ्यांखेरीज फारसे कोणी दिसत नव्हते तेथे पुन्हा घरोघर चुली पेटतात. वर्षाकाठी ज्या थोड्या महिन्यांत आमच्या तालुक्यातला कष्टकरी बाप आपल्या घरी सापडतो, नेमकी त्याच दिवसांत ही व्याख्याने होतात. विषय निवडताना हीच गोष्ट आमच्या मनात होती.

चालकांना वाटले होते, आम्ही तोडणीच्या दरावर बोलू. दर हा मोठाच विषय आहे. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, आणि तीही कोयता बंद ठेवण्याची भाषा केल्यावर. पण दरावर आम्ही बारा महिने बोलतच असतो. आज ज्या गोष्टीचा टनावर दर निघत नाही तिच्याविषयी बोलावे असे योजिले आहे. तान्ह्या मुलाचे पहिले वर्ष आणि त्या वर्षात त्याचा बाप कोठे असतो, हा तो विषय.

मुलाच्या पहिल्या वर्षाचे एक पंचांग असते. ते कोणी छापीत नाही, पण प्रत्येक आजीला पाठ असते. दीड-दोन महिन्यांचे झाले की मूल माणसाच्या तोंडाकडे पाहून हसते. चौथ्या-पाचव्या महिन्यात पालथे पडते. सहाव्यापुढे आधी टेकून, मग आधाराशिवाय बसते. त्याच सुमारास पहिला दात हिरडीतून डोके काढतो, उष्टावण होते. आठव्या-नवव्यात रांगते, वर्षाच्या आतबाहेर पाऊल टाकते. आता या पंचांगाशेजारी साखर कारखान्याचे पंचांग ठेवून पाहा. दसरा-दिवाळीला हंगाम लागतो, मार्च-एप्रिलला संपतो. श्रावणात जन्मलेले मूल घ्या. बाप घर सोडतो तेव्हा ते जेमतेम तीन महिन्यांचे, नुकती मान धरलेले असते. बाप परत येतो तेव्हा ते घरभर रांगत असते आणि चुलीजवळ जाऊ नये म्हणून कोणीतरी त्याच्या मागे धावत असते. मधले सारे होऊन गेलेले असते. मार्गशीर्षात किंवा पौषात जन्मलेले मूल घेतले तर बापाने जन्मच पाहिलेला नसतो.

ऊस पिकला की तोडावा लागतो आणि तोडलेला ऊस वेळेवर गाळला नाही तर साखरेचा उतारा घटतो. हे कारखान्याचे म्हणणे आम्हाला पूर्ण मान्य आहे. ऊस थांबत नाही. मूलही थांबत नाही, एवढीच भर आम्ही त्यात घालू इच्छितो.

आपल्यापैकी जे दुकान वा कचेरी सांभाळतात त्यांच्याही घरासमोरून या टोळ्या दरसाल जातात, पण व्यवहार आतून कसा चालतो ते सर्वांनाच ठाऊक असते असे नाही. म्हणून थोडक्यात सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पावसाळ्यात, घरात दाणे संपत आलेले असताना, मुकादम उचल देतो. आजकाल ती जोडीमागे लाखाच्या आसपास जाते. ती लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात दोन दिवसांत वाटून जाते आणि मग तिच्यापोटी पुढचे पाच-सहा महिने फेडावयाचे असतात. एखाद्या दिवशी कामावर गेले नाही की खाडा लागतो. म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर नाहीच, वर पाचशेपासून हजारापर्यंत दंड. बायकोचे दिवस भरत आले असतील आणि ती गावीच राहणार असेल तर गडी अर्धा कोयता म्हणून जातो, अर्धी उचल घेऊन.

आपल्याकडे पाचवीच्या रात्री सटवाई येऊन मुलाच्या कपाळावर नशीब लिहिते असे मानतात. त्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. आमच्या भागात मुकादमाची वही त्या कागदाच्या कितीतरी आधी भरलेली असते. मूल पोटात असतानाच त्याच्या पहिल्या हिवाळ्यातला बापाचा वेळ विकला गेलेला असतो. मजुरी थकली तर आम्ही मोर्चा काढून, कचेरीत बसून, उशिरा का होईना ती मिळवू शकतो. विकल्या गेलेल्या या वेळेची थकबाकी कोणत्याही कोर्टात मिळत नाही.

डोंगरपट्ट्यातल्या एका तांड्यावरच्या गड्याने आम्हाला सांगितलेली हकीकत येथे सांगणे जरूर आहे. तो अर्धा कोयता म्हणून कृष्णाकाठच्या एका कारखान्याकडे गेला होता, चुलतभावाबरोबर. पौषात एका रात्री त्याची गाडी कारखान्याच्या तळावर उभी होती, पुढे चाळीसेक गाड्या, नंबर यायला पहाट होणार. तेवढ्यात घरून फोन आला, मुलगी झाली. पहिलीच. रात्री एक वाजता पेढे कोठून आणणार? त्याने भाकरीच्या फडक्यातला गूळ काढला आणि पुढच्या-मागच्या गाडीवाल्यांच्या हातावर खडा खडा ठेवला. सकाळी मुकादमाकडे चार दिवस मागितले. मुकादम काही राक्षस नव्हता. तो म्हणाला, "जा की, बाबा. पण खाडा पडंल, आन् तुझी गाडी कोण हाकील?" गड्याने बोटांवर हिशेब केला. जाण्यायेण्याचे भाडे, जाण्यायेण्यातले दोन दिवस, पाच-सहा खाडे, भावाचे बसून राहणे, बैलांचे वाढे. बेरीज त्याला परवडली नाही. तो गेला नाही. पाडव्याला घरी पोचला तेव्हा मुलगी तीन महिन्यांची होती.

आम्ही त्याला विचारले, "रडली का रे तुला पाहून?" तो म्हणाला, "रडली, पर त्याचं काय नाही. लेकरू हाय, रडणारच. पर मला तिला घेताच येईना. मान कुठं धरावी, अंग कसं धरावं, काय कळंना. तिच्या आईनं माझ्या हातावर ठिवली आन् माझेच हात कापाया लागले." रोज पाठीवर मोळ्या घेऊन फळीवरून गाडी भरणारा हा माणूस पाच किलोच्या लेकराला घाबरला. आईला मूल धरण्याची कला कोणी शिकवीत नाही असे आपण म्हणतो. ते खरे नव्हे. दिवसातून वीस वेळा उचलून, पुसून, पाजून, निजवून ती शिकते. बापालाही ती त्याच रीतीने येईल. पण त्यासाठी मूल हाताशी पाहिजे.

कोणी म्हणेल, मूल बरोबर नेणारेही पुष्कळ आहेत. आहेत. लुगड्याची झोळी बाभळीला किंवा गाडीच्या दांडीला बांधलेली असते, आणि बाप तिच्यापासून वीस पावलांवर ऊस तोडीत असतो. या वीस पावलांविषयी आमच्या मनात फार दिवस घोळत आहे. पहाटे तीन-चारला थंडीत उठून जोडपे फडात पोचते, तेव्हा मूल झोपेत उचललेले असते. दुपारपर्यंत तोडणी, मग मोळ्या बांधणे, गाडी भरणे. त्यानंतर बाई मूल घेऊन कोपीवर परतते, पाणी-सरपण पाहते, भाकरी थापते. पुरुष गाडी घेऊन कारखान्यावर जातो आणि नंबराला उभा राहतो. तो कोपीवर येतो तेव्हा दहा, अकरा, कधी बारा वाजलेले असतात आणि मूल निजलेले असते. बाईच्या कष्टाला तर सीमा नाही, तिच्याविषयी पुढे बोलूच. पण जागे असलेले मूल दिवसातून तिच्या अंगाला दहा वेळा तरी लागते. एकाच कोपीत राहून, एकाच गोधडीवर निजून, बापाने आपल्या मुलाचे उघडे डोळे चार-चार दिवस पाहिलेले नसतात.

आणि जी मुले आजी-आजोबांजवळ ठेवून जातात त्यांच्या घरी वेगळीच गोष्ट घडते. मूल पहिले "बा" म्हणते ते आजोबाला. आजीला ते आई म्हणते. आईबाप परतल्यावर चार-आठ दिवस त्यांच्याकडे पाहुण्यासारखे पाहते. नीट ओळख पटते तोवर आषाढ लागतो आणि मुकादम दारात येतो.

शहरातल्या मंडळींनी हे दुरून ऐकू नये. याच गावातल्या घरांचे बोलू. एस.टी.चा चालक मुक्कामी गाडी घेऊन दुसऱ्या तालुक्यात निजतो. पोलीस शिपायाच्या घरी बारसे असते तेव्हा तो कोठल्यातरी बंदोबस्तावर असतो. आणि किल्ल्याखालच्या या गल्ल्यांतून अशी गल्ली दाखवा, की जेथले एखादे पोर चाकणला वा रांजणगावला कंत्राटी कामावर नाही! बायको बाळंतपणाला गावी आलेली, हा तेथे चौघांच्या खोलीत. बारशाला दुपारपाळी, जावळाला रात्रपाळी. मुलाचे रांगणे तो मोबाइलच्या काचेवर पाहतो, आणि काचेतला बाप पाहून मूल काचेमागे हात घालून बघते, हा आहे कोठे म्हणून. घरातल्यांना हसू येते. त्याला येते की नाही, ते त्याला विचारावे. फोन नव्हता त्यापेक्षा हे बरे आहे, हे आम्ही नाकारीत नाही. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आणि देशावरून गेलेल्या माणसांना तेवढेही नव्हते. खाणावळीत जेवायचे, गाळ्यात वीस-पंचवीस जणांत पाळीपाळीने निजायचे, महिन्याला मनिऑर्डर धाडायची, आणि शिमग्याला वा गणपतीला घरी गेल्यावर मूल केवढे झाले ते पाहायचे. मनिऑर्डरीच्या फॉर्मला खाली दोन ओळींची जागा असे. बापाचे सारे बापपण त्या दोन ओळींत.

मात्र सगळा दोष मुकादमावर आणि मालकावर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. आमच्या चालीरीतींचाही यात वाटा आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत आईच्या दृष्टीने शहाणपणाची आहे. सासरच्या कामातून तिला तेवढीच सुटका. पण त्या रीतीने बाप बाराव्या दिवशीचा पाहुणा झाला. घुगऱ्या खाव्या, मुलाच्या हातावर नोट ठेवावी आणि परत यावे. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे वडिलधाऱ्यांसमोर स्वतःच्या मुलाला उचलून घेणे हे आपल्याकडे मर्यादा सोडल्यासारखे मानीत. भावाच्या पोराला खांद्यावर घ्यावे, आपले रडत असले तरी ओसरीवर मान खाली घालून बसावे. आमच्या वडिलांनी आम्हा भावंडांना चारचौघांत कधी उचलले नाही. आणि त्याच माणसाने नातवाला दिवसदिवस खांद्यावरून खाली ठेवले नाही. तेव्हा माया नव्हती असे कोण म्हणेल? ती होती, पण तिला पंचवीस वर्षे परवानगी मिळाली नव्हती.

आता ही चाल पुष्कळ सैल झाली आहे. तरुण बाप बाजारात मूल कडेवर घेऊन फिरतो आणि कोणी त्याला नाव ठेवीत नाही. हा बदल आमच्या डोळ्यांदेखत झाला, आणि तो चांगला झाला. पण चाल सैल झाली तेव्हाच कामाचा फास आवळला गेला. बापाला मूल घ्यावेसे वाटते, लाजही वाटत नाही, आणि वेळ नाही.

वेळेचा प्रश्न हा कामगार चळवळीचा सर्वांत जुना प्रश्न आहे, दरापेक्षाही जुना म्हणा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला, त्यात पहिली मागणी आठवड्याच्या एका सुट्टीची होती. त्या काळी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चाले. लोखंडे सहा वर्षे मागे लागले. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, दोन बायाही त्या सभेत बोलल्या, आणि त्या वर्षीच्या १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले. आज सभागृहात बसलेल्या प्रत्येक नोकरदाराने रविवारी सकाळी मूल मांडीवर घ्यावे तेव्हा या माणसाची आठवण ठेवावी. (आपण त्या वेळी निजामाच्या राज्यात होतो, ही गोष्ट निराळी. आणि आमच्या ऊसतोड्याला तो रविवार अजून मिळावयाचा आहे, ही त्याहून निराळी.) पुढे १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषाचे दिवसाचे काम बारा तासांवर आले. १९२२ साली आठवड्याचे साठ तास, १९३४ साली चोपन्न, आणि डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना तयार झालेल्या दुरुस्तीने १९४६ साली अठ्ठेचाळीस. या आकड्यांकडे आम्ही असे पाहतो, की प्रत्येक वेळी कामगाराच्या मुलांना बापाचे काही तास परत मिळाले.

आईच्या वाट्याचे वेगळे झगडावे लागले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतीच्या रजेचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याचे समर्थन केले आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. स्वतंत्र भारतात १९६१ चा कायदा आला, २०१७ साली रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली आणि पन्नास वा अधिक माणसे असतील तेथे पाळणाघर ठेवणे भाग झाले. कायदा उत्तम आहे. पण फडातल्या बाईला त्यातला एक दिवसही हाती पडत नाही, कारण कारखाना म्हणतो ही आमची मजूर नव्हे, मुकादमाची. आणि मुकादम म्हणतो, मी कसला मालक, मी तर मध्यस्थ.

बापासाठी काय आहे? केंद्र सरकारच्या नोकराला १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून मूल झाल्यावर पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. आमच्याच मराठवाड्यातले, हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली लोकसभेत एक खाजगी विधेयक मांडले. पंधरा दिवसांची रजा, ती तीन महिन्यांपर्यंत वाढविता यावी, आणि असंघटित कामगारालाही तिचा लाभ असावा, असा त्याचा आशय होता. विधेयकाचा कायदा झाला नाही. सातव २०२१ साली करोनानंतरच्या आजारात गेले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत बापाच्या रजेचे कलम शोधून पाहिले तर सापडत नाही.

स्वीडन देशाने १९७४ साली आईची रजा काढून तिच्या जागी आई वा बाप कोणीही घ्यावी अशी रजा सुरू केली. कायदा झाला, पण पुरुष रजा घेईनात. बायकोच्या नावावर ढकलून कामावर जात. तेव्हा नॉर्वेने १९९३ साली आणि स्वीडनने १९९५ साली असे ठरविले, की काही आठवडे फक्त बापाचे; त्याने घेतले नाहीत तर ते बुडाले, बायकोला देता येणार नाहीत. त्यानंतर बाप घरी दिसू लागले. श्रीमंत देशाची ही गोष्ट आम्ही सांगतो ती हेवा म्हणून नव्हे. हक्क दिला पण तो दुसऱ्याला देण्याची वा विकण्याची सोय ठेवली, तर गरजू माणूस तो आधी विकतो, एवढा धडा आमच्या कामाचा आहे. बापाच्या रजेऐवजी उद्या रोख पैसे दिले तर ते उचलीत वळते होतील आणि माणूस फडातच राहील.

आता आक्षेपांकडे वळू. एक आक्षेप पुरुषच घेतात, आणि हसत घेतात: बापाला रजा दिली तर तो पारावर पत्ते कुटील, नाहीतर गुत्त्यात जाईल. काही जण तसे करतील. रविवारची सुट्टी मागितली तेव्हाही मालक हेच म्हणत असणार, यात आम्हाला शंका नाही. म्हणून काही रविवार कोणी परत मागितला नाही.

दुसरा आक्षेप बायांचा आहे आणि त्याला हसून उत्तर देता येत नाही. एका सभेत एक बाई उठून म्हणाली, "आम्हाला सातव्या-आठव्या महिन्यात मोळी उचलावी लागती, बाळंत झाल्यावर सव्वा महिना सुदिक मिळत नाही, आन् तुम्ही बाप्याच्या रजेचं घेऊन बसलाव?" या जिल्ह्यात पाळीच्या दिवसांतही खाडा नको म्हणून बायांनी पिशव्या काढून घेतल्याच्या बातम्या २०१९ साली साऱ्या देशाने वाचल्या आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तेव्हा त्या बाईचे म्हणणे शब्दशः खरे आहे. आईचा हक्क आधी, यात वाद नाही. पण कोयता हा जोडीचा आहे, हे विसरून चालत नाही. गडी खाड्याच्या भीतीने फडात राहिला तर बाळंतिणीच्या वाट्याला पाणी, सरपण, चूल आणि रडणारे मूल एकटीच्या वाट्याला येते. गड्याचे दहा दिवस सुटले तर तिची पाठ दहा दिवस जमिनीला लागते. आम्ही त्या बाईला हे सांगितले. ती म्हणाली, "मंग त्येला घरी ऱ्हाऊन काम करायचं बी कलम घाला." सभा हसली. आम्ही ते टिपून घेतले आहे.

मागावे काय, ते आता सांगतो. हंगामात ज्या कोयत्याच्या घरी मूल जन्मेल त्या गड्याला दहा दिवस खाडा नाही आणि त्या दिवसांची मजुरी व जाण्यायेण्याचे भाडे त्याला मिळावे. पैसा कोठून, हा प्रश्न लगेच येईल. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाने जे कल्याण महामंडळ झाले त्याच्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यावयाचे ठरले आहे. या खर्चाला ते योग्य ठिकाण आहे. शाळकरी मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहे निघाली, ती हवीच होती. पण तान्हे मूल वसतिगृहात राहत नाही. त्याला आईबाप लागतात, आणि कोपीच्या वस्तीवर एक सावलीची, राखणीची जागा लागते, जेथे दोन म्हाताऱ्या बाया पगारावर बसतील.

दुसरी मागणी फुकटात होण्यासारखी आहे, म्हणून ती आम्हाला अधिक प्रिय आहे. कारखान्याच्या तळावर गाडीला नंबराची वेळ ठरवून द्या. ट्रॅक्टरला आणि ट्रकला हिशेब असतो, बैलगाडीवाला मात्र सहा-सात तास उभा. संध्याकाळी सातला गाडी रिकामी झाली तर बाप आठला कोपीवर येईल, आणि आठ वाजता मूल जागे असते. साखरेचा एक कण कमी न होता एक तास मिळण्यासारखा आहे. यासाठी लागणारी चिठ्ठी आमच्या इथल्या दवाखान्यातला कंपाउंडरसुद्धा रोज शंभर रोग्यांना देतो.

तिसरी मागणी लोखंड्यांची, १८८४ सालची. आठवड्याचा एक दिवस. सगळ्या टोळ्यांनी एकाच दिवशी बंद ठेवले तर गाळप थांबेल, हे खरे. म्हणून टोळ्यांनी वार वाटून घ्यावेत. गव्हाण चालू राहील आणि माणूसही विसावेल.

यंदापासून आणखी एक गोष्ट करून पाहावी असे आमच्या मनात आहे, आणि तिला शहरातल्या मंडळींची मदत लागेल. आषाढ-श्रावणात उचल घेताना बहुतेक व्यवहार तोंडी होतो, नाहीतर कोऱ्या कागदावर अंगठा. त्या वेळी प्रत्येक कोयत्याचा एक साधा कागद लिहावा. रक्कम, दर आणि खाड्याचा दंड तर लिहावाच, पण त्याखाली घरात किती वर्षांची किती मुले आहेत, कोणी गरोदर असल्यास कितवा महिना, आणि बाळंतपण कोणत्या महिन्यात अपेक्षित आहे, हेही लिहावे. मुकादमाने त्यावर सही करावी. ज्या महिन्यात मूल येणार तो महिना आधीच लिहिलेला असला म्हणजे पौषातल्या रात्री तळावर उभे राहून कोणाला दयेची चार दिवसांची भीक मागावी लागणार नाही. कागद दाखविता येईल. त्याने सारे मुकादम वठणीवर येतील असे नाही. काही सही करणार नाहीत. ते कोण, एवढे तरी कळेल.

असे कागद शेकड्यांनी लिहावे लागतील आणि आमच्या कचेरीत लिहिणारे हात तीनच आहेत. शाळांना सुट्टी आहे, गुरुजी मंडळी मोकळी आहेत, कॉलेजातली मुले गावी आली आहेत. ज्यांचे अक्षर वाचण्याजोगे आहे आणि ज्यांना आषाढात रविवारचे दोन तास देता येतील त्यांनी सभा आटोपल्यावर दाराजवळच्या टेबलापाशी नाव द्यावे. तेथे कागदाचा नमुना ठेवला आहे. त्यात काही उणे दिसल्यास तेही सांगावे. त्या बाईने सुचविलेले कलम नमुन्यात शेवटी घातले आहे. त्याची भाषा अजून जमलेली नाही.